धुरा

बोनिफास मास्तर लॅटिन वाचायचे बिडी विझवून
आणि मराठी सांगायचे ती पुन्हा पेटवून.
मी आठवीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या हातात पेन्सिल,
मध्ये तुरीच्या पोत्यावर तीन जाड खंड,
फ्रेंच फादर मागे ठेवून गेलेले.
पहिल्याची पाठ वाळवीनं खाल्ली होती.
"ईश्वर आहे हे सिद्ध करायचा भाग," मास्तर म्हणायचे,
"वाळवीला पटला."

खैरखेड्यात आपली घरं एकोणीस.
त्यातल्या कोणी मागितलं नव्हतं हे भाषांतर.

एकेका शब्दाला आठवडा जायचा.
दोन देवदूत एका प्रकारात बसत नाहीत,
प्रत्येक जण आपल्या जातीचा एकटाच, असं मी लिहिलं.
'जात' खोड, म्हणाले.
दुसरा शब्द अजून सापडलेला नाही.

मग भाकरीचं प्रकरण.
रंग राहतो, वास राहतो, गोलपणा, करपलेला पापुद्रा,
आणि भाकरी मात्र राहत नाही.
या राहणाऱ्यांना म्हणायचं काय?
'गुण' लिही. खोड.
'उपाधी' लिही. खोड.
शेवटी म्हणाले, 'आगंतुक',
आणि दारात खरंच कोणी उभं होतं.

रिबकाबाई सोनोने. डोक्यावर गवताचा भारा तसाच.
"मास्तर, पोराचं इचारू का?"

त्या रात्री पूर्णेला पूर. फादर पलीकडे, मास्तर पलीकडे.
पोर दिवेलागणीला आलं
आणि कोंबडा आरवायच्या आत गेलं.
"सुइनीनं गुळाच्या पान्यानं व्हट वले केले त्याचे.
थे चालते का?"

मास्तरांनी तिसरा खंड इतका जवळ धरला
की नाक पानाला लागलं.
विहिरीचं चालतं. नदीचं, गढूळसुद्धा. दवही चालतं.
दूध नाही. लाळ नाही.
कढणाबद्दल पंडितांत मतभेद.
गूळ त्या लोकांच्या गावीही नव्हता.

"शब्द कोणते म्हणली ती?"
"'जग रे बापू' म्हनली."
"अजून?"
"अजून काय म्हनीन?"

असे दिसते की पाणी पुरे.
पण याच्या उलट, शब्दावाचून पाणी म्हणजे नुसतं पाणी.
यावर मी उत्तर देतो की,
एवढं बोलून मास्तर थांबले,
आणि माझ्या पेन्सिलीचं टोक त्या 'की'वर मोडलं.

बिडी कधीची विझली होती. त्यांनी पुस्तकातलंच सांगितलं:
अशी लेकरं नरकात नसतात. आग नाही, दुखणं नाही.
देवाचं तोंड तेवढं त्यांना दिसत नाही.

"मंग असतेत कुठी?"

"लिंबुस," मास्तर म्हणाले, आणि हात हवेत फिरवला.
लुगड्याला काठ असतो तसं. ताटाला कड.
एक शेत संपलं, दुसरं लागलं नाही, ती मधली...

"धुरा," रिबकाबाई म्हणाली.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत.
"हो. धुरा."

तेव्हा तिनं भारा उतरवला.
"धुऱ्यावर हाय म्हनता. मंग बरं हाय.
निंदाले जातो तवा लेकरं धुऱ्यावरच ठेवतो आमी,
बाभयीले झोळी बांधून.
पात सरली का एक चक्कर मारून पाह्यतो."
आणि पाणी मागितलं, प्याली, गेली.
भाऱ्यातलं थोडं गवत ओट्यावर सांडलेलं राहिलं.

"लिही," मास्तर म्हणाले. "लिंबुस म्हणजे धुरा.
आणि समासात, बारीक अक्षरात, आक्षेप:
स्वर्गाच्या शेतात जी बाई निंदते, तिची पात सरते की नाही?
सरत असेल, तर धुऱ्यावर जायला तिला कोण अडवतो?"

"उत्तर?" मी विचारलं.

"दोन बोटं जागा सोड."

वही माझ्याकडे आहे. त्या पानावर मी मोजून सोडली होती जागा,
माझी तेव्हाची दोन बोटं.
आता एकच मावतं.